पूर्णा खोऱ्यातील कमी निचऱ्याच्या चिकण जमिनी

पूर्णा खोऱ्यातील कमी निचऱ्याच्या चिकण जमिनी या विदर्भातील अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या दोन्ही काठांवरील सपाट मैदानात आढळणाऱ्या खोल, काळ्या व भारी जमिनी होत. या जमिनींचा बराच मोठा भाग 'खारपाणपट्टा' या नावाने ओळखला जातो. त्यांत चिकणमातीचे प्रमाण अधिक असल्याने पाणी धरून ठेवण्याची क्षमता मोठी असते. परंतु ते पाणी खाली झिरपू देण्याची आणि पिकांच्या मुळांना सहज उपलब्ध करून देण्याची क्षमता कमी असते. त्यामुळे दिसावयास कसदार असलेली ही जमीन पावसाळ्यात चिबडते आणि पावसाने ओढ दिली की पिकांना लवकर ताण जाणवू लागतो. या दोषाचे मूळ मंद निचऱ्यात आहे. सोडियमचा संचय हा मंद निचऱ्याचा परिणाम असतो आणि पुढे तोच निचरा अधिक बिघडविणारे कारण बनतो.

## स्थान

येथे उल्लेखिलेली पूर्णा ही तापी नदीची उपनदी होय. ती मध्य प्रदेशातील बैतूल जिल्ह्यात सातपुड्यात उगम पावते आणि जळगाव जिल्ह्यात चांगदेव येथे तापीस मिळते. बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिण भागातून वाहणारी व खडकपूर्णा या नावानेही ओळखली जाणारी पूर्णा ही गोदावरीच्या खोऱ्यातील वेगळी नदी असून तिचा खारपाणपट्ट्याशी संबंध नाही.

अजिंठ्याच्या डोंगररांगेमुळे बुलढाणा जिल्ह्याचे 'घाटावरचा' व 'घाटाखालचा' असे दोन भाग पडतात. वऱ्हाडाच्या जुन्या व्यवहारात यांनाच अनुक्रमे बालाघाट व पायनघाट म्हणत. मेहकर, लोणार, चिखली, सिंदखेड राजा इत्यादी तालुके घाटावर, तर शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा, मलकापूर हे तालुके घाटाखाली येतात. खारपाणपट्टा घाटाखालच्या सखल मैदानात आहे. तिन्ही जिल्हे मिळून या पट्ट्यात सुमारे ९०० गावांचा समावेश होतो.

## संज्ञा

मृदाशास्त्रात ०.००२ मि.मी.पेक्षा लहान कणांना चिकणमाती म्हणतात. असे कण विपुल असलेल्या, ओल्या झाल्यावर फुगणाऱ्या व सुकल्यावर आकसणाऱ्या जमिनी 'व्हर्टिसोल' या वर्गात मोडतात. उलटणे वा वळणे या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून हे नाव पडले आहे. भेगांत वरची माती पडून खालच्या थरात जाते व जमीन जणू स्वतःस उलथत राहते, असा त्यातील आशय आहे.

शेतकऱ्यांच्या बोलीत या जमिनींच्या अवस्था दर्शविणारे नेमके शब्द आहेत. पाणी साचून सतत ओली राहणाऱ्या जमिनीस चिबड, पृष्ठभागावर पांढरे क्षार फुटणाऱ्या जमिनीस खारवट आणि सोडियममुळे घट्ट व चोपडी झालेल्या जमिनीस चोपण म्हणतात. मशागतीस योग्य इतकीच ओल असण्याच्या स्थितीस वाफसा म्हणतात. या शब्दांचा वापर करताना गल्लत होऊ नये, कारण प्रत्येक अवस्थेवरील उपाय वेगळा आहे. खारवट जमिनीतील क्षार चांगल्या पाण्याने धुऊन काढता येतात. चोपण जमिनीस केवळ चांगले पाणी दिल्यास ती अधिकच बंद होते.

## निर्मिती

पूर्णेचे खोरे उत्तरेस सातपुड्याचा गाविलगड भाग व दक्षिणेस अजिंठ्याची रांग यांच्यामध्ये खचलेल्या भूभागात तयार झाले आहे. दोन्ही बाजूंच्या डोंगरांत प्रामुख्याने बेसाल्ट खडक असून त्याच्या झिजेतून आलेला गाळ नद्यांनी या खोलगट भागात साचविला. काही ठिकाणी या गाळाची जाडी शेकडो मीटर आहे.

वाहत्या पाण्याचा वेग कमी होत जातो तसे प्रथम गोटे व वाळू, नंतर पोयटा आणि सर्वांत शेवटी चिकणमातीचे कण खाली बसतात. म्हणून सातपुड्याच्या पायथ्याशी भरड गाळाचा पट्टा आढळतो. त्यात पाणी सहज मुरते, विहिरींचे पाणी गोडे असते व बागायती पिके घेता येतात. तेथून नदीकडे यावे तसतशी माती बारीक, जमिनीचा उतार अल्प आणि भूजल खारे होत जाते. प्रत्यक्ष नदीच्या पात्रालगतची मळई पुराच्या ताज्या गाळामुळे तुलनेने भुसभुशीत असू शकते. निचऱ्याचा प्रश्न तिच्या मागे पसरलेल्या सखल मैदानात अधिक तीव्र असतो. पुराचे पाणी तेथे संथ होते आणि सर्वांत बारीक कण तेथेच स्थिरावतात.

बेसाल्टच्या झिजेतून स्मेक्टाइट गटातील चिकणखनिजे तयार होतात. त्यांचे कण अतिशय पातळ पापुद्र्यांचे बनलेले असून पापुद्र्यांच्या मध्ये पाणी शिरले की ते एकमेकांपासून दूर सरतात. माती फुगते ती यामुळे. त्याच झिजेतून कॅल्शियम व सोडियम मुक्त होतात. कोरड्या ऋतूत बाष्पीभवन वाढले की कॅल्शियमचा चुनखडीच्या रूपात साका बनतो व तो मातीच्या द्रावणातून निघून जातो. सोडियम मात्र विरघळलेल्या अवस्थेत मागे राहतो. भरपूर पावसाच्या प्रदेशात तो वाहून गेला असता. मध्यम पावसाच्या, सपाट व घट्ट मातीच्या या प्रदेशात तो खालच्या थरांत साठत जातो.

## भौतिक गुणधर्म

या जमिनींत चिकणमातीचे प्रमाण साधारणतः ५० ते ७० टक्के असते. त्यांचे ठळक गुणधर्म पुढीलप्रमाणे आहेत.

फुगणे व आकसणे. उन्हाळ्यात कित्येक सें.मी. रुंद व मीटरभर किंवा त्याहून खोल भेगा पडतात. पावसाळ्यात माती फुगून त्या मिटतात. फुगलेले थर एकमेकांवर घासल्याने खालच्या मातीत चकचकीत, तिरपे पृष्ठभाग तयार होतात. याच हालचालीमुळे रस्ते खचतात, विजेचे खांब कलतात व उथळ पायाच्या भिंतींना तडे जातात. महाराष्ट्रात वस्तीच्या जागेस 'पांढरी' व शेतजमिनीस 'काळी' म्हणण्याची जुनी रीत आहे. घर पांढरीत व पीक काळीत, ही विभागणी मातीच्या या स्वभावाशी सुसंगत आहे.

पाणी मुरण्याचा बदलता वेग. पहिल्या पावसाचे पाणी भेगांतून झपाट्याने खोल जाते. भेगा मिटताच हा वेग अत्यंत कमी होतो. ताशी १० मि.मी.पेक्षा कमी जलवाहकता असलेल्या थरातून जोराच्या पावसाचे पाणी वेळेत खाली जात नाही. बाधित जमिनींत हा वेग ताशी १ मि.मी.च्याही खाली येतो. पाणी मग शेतात उभे राहते किंवा पृष्ठभागावरून माती घेऊन वाहून जाते.

ओलाव्याची उपलब्धता. अशा मातीत पाणी पुष्कळ असले तरी त्याचा मोठा अंश कणांना घट्ट चिकटलेला असतो. हलक्या मातीत ज्या ओलाव्यावर पीक टवटवीत राहील, त्याच ओलाव्यावर येथे ते कोमेजू शकते. तसेच वरून पाणी न मुरल्याने खालचे थर पूर्ण भरत नाहीत. जमीन ओली दिसते, परंतु पिकास त्या ओलीचा पुरेसा उपयोग होत नाही.

वाफशाचा अल्प काळ. माती ओली असता अवजारास चिकटते व सुकली की दगडासारखी होते. या दोन अवस्थांमधील मशागतीयोग्य काळ काही दिवसांचाच असतो. वाफसा साधला नाही तर वखरणी, पेरणी व डवरणी ही सर्व कामे लांबतात. ओल्या जमिनीत जड यंत्रे चालविल्यास माती दबून निचरा आणखी मंदावतो.

हवेचा अभाव. मातीतील पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळांना प्राणवायू मिळत नाही. प्राणवायू पाण्यातून हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. अशा स्थितीत काही सूक्ष्मजीव नायट्रेटमधील प्राणवायू वापरतात व त्यातील नत्र वायुरूपाने उडून जाते. पावसाच्या झडीनंतर पिके पिवळी पडण्यामागे हे एक प्रमुख कारण आहे.

## रासायनिक गुणधर्म

चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो व त्यावर कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, पोटॅशियम यांचे आयन धरले जातात. या धरलेल्या आयनांत सोडियमचा जो शेकडा वाटा असतो त्यास 'विनिमयक्षम सोडियमचे शेकडा प्रमाण' म्हणतात. कॅल्शियम अधिक असल्यास कण एकत्र येऊन रवाळ रचना बनते. सोडियम वाढल्यास कण सुटे होतात, पाण्यात तरंगतात आणि मातीतील सूक्ष्म मार्गांत अडकून ते बंद करतात.

अमेरिकेतील क्षार प्रयोगशाळेने १९५४ साली प्रसिद्ध केलेल्या व जगभर रूढ झालेल्या वर्गीकरणात हे प्रमाण १५ टक्क्यांहून अधिक आणि सामू साधारणपणे ८.५ हून अधिक असल्यास जमीन चोपण मानली जाते. पूर्णा खोऱ्यातील स्मेक्टाइटयुक्त मातीत मात्र हे प्रमाण ५ टक्क्यांच्या पुढे जाताच निचरा घटू लागतो, असे भारतीय मृदाशास्त्रज्ञांच्या अभ्यासातून आढळले आहे. या फरकाचे व्यावहारिक महत्त्व मोठे आहे. १५ टक्क्यांचा निकष जसाच्या तसा लावला तर अहवालात 'चांगली' ठरलेली जमीन शेतात मात्र पाणी धरून बसते.

आणखी एक विसंगती येथे दिसते. मातीत चुनखडीचे खडे भरपूर असतात, म्हणजे कॅल्शियमचा साठा असतो. परंतु उच्च सामू असताना चुनखडी फारच थोडी विरघळते. त्यामुळे तो साठा सोडियमला हटविण्यास उपयोगी पडत नाही. जस्त, लोह व स्फुरद यांची उपलब्धताही अशा सामूत घटते.

सोडियम बहुधा खालच्या थरांत अधिक असतो. म्हणून केवळ वरच्या १५ सें.मी. मातीचा नमुना तपासल्यास दोष लक्षात येत नाही. ३०, ६० व ९० सें.मी. खोलीपर्यंतचे स्वतंत्र नमुने घेणे आवश्यक असते.

## शेतात ओळखण्याच्या खुणा

प्रयोगशाळेतील तपासणीस पर्याय नाही. तथापि पुढील निरीक्षणांवरून प्राथमिक अंदाज बांधता येतो.

* पाऊस थांबल्यानंतरही सखल भागात गढूळ पाणी बराच काळ साचून राहणे व ते न निवळणे.
* पाणी आटल्यावर पृष्ठभागावर कडक पापुद्रा येणे व बियाण्याची उगवण विरळ होणे.
* एकाच शेतात पिकाची वाढ ठिकठिकाणी खुंटणे.
* खड्डा खणला असता खालचा थर मोठ्या, घट्ट ढेकळांचा असणे व मुळे खाली न जाता आडवी पसरलेली दिसणे.
* सुक्या मातीचा वाटाण्याएवढा खडा काचेच्या पेल्यात स्वच्छ पावसाच्या पाण्यात न हलविता ठेवल्यास त्याभोवती दुधाळ वलय पसरणे. खडा फुटून नुसता ढीग झाला व पाणी निवळ राहिले, तर सोडियमचा प्रभाव कमी असण्याचा संभव असतो.

काही देशांत पाणथळ जमीन तिच्या करड्या-निळसर रंगावरून व तांबूस ठिपक्यांवरून ओळखली जाते. काळ्या जमिनीत मूळ गडद रंगामुळे हे रंग झाकले जातात. त्यामुळे येथे रंगापेक्षा मातीची रचना व पाण्याचे वर्तन यांवर अधिक भर द्यावा लागतो.

## पिके

या पट्ट्यातील शेती बहुतांशी पावसावर अवलंबून आहे. कपाशी, तूर, सोयाबीन, मूग, उडीद व ज्वारी ही खरिपाची, तर हरभरा व करडई ही मुरलेल्या ओलाव्यावर येणारी रब्बीची पिके आहेत. मूग, उडीद व तूर यांना साचलेले पाणी सोसत नाही. तुरीवर मूळकूज व मर यांचा प्रादुर्भाव होतो. कपाशीत कोरड्या काळानंतर जोराचा पाऊस झाला की काही झाडे एकाएकी माना टाकतात. यास आकस्मिक मर म्हणतात. खोल सोटमुळाच्या देशी कपाशीच्या जाती व क्षार सहन करणारी करडई या परिस्थितीत तुलनेने तग धरतात.

## सिंचन व त्याचे परिणाम

मैदानातील भूजल अनेक ठिकाणी पिण्यास व सिंचनास अयोग्य आहे. त्यात सोडियमचे प्रमाण अधिक असते. असे पाणी सातत्याने दिल्यास मातीतील सोडियम वाढतो. नंतर पावसाचे क्षारविरहित पाणी पडताच कण सुटे होऊन जमीन बंद होते. त्यामुळे पहिल्या एक-दोन हंगामांत सिंचनाचा लाभ दिसला तरी पुढे जमिनीची हानी होऊ शकते.

नदीचे गोडे पाणी कालव्याने वा नळाने आणणे हा त्याहून चांगला मार्ग आहे. नांदुरा तालुक्यातील पूर्णेवरील जिगाव प्रकल्पाचा हेतू याच भागास सिंचन देण्याचा आहे. मात्र गोड्या पाण्यासही निघून जाण्याची वाट हवी. मुरलेल्या पाण्यामुळे भूजलाची पातळी वर येते, ते पाणी केशाकर्षणाने पृष्ठभागाकडे सरकते आणि उडून जाताना क्षार मागे ठेवते. महाराष्ट्रास याचा जुना अनुभव आहे. नीरा डावा कालवा १८८५ साली सुरू झाल्यानंतर काही दशकांतच त्याच्या लाभक्षेत्रातील खोल काळ्या जमिनींचा काही भाग चिबड व खारवट झाला. कृष्णा व पंचगंगा यांच्या काठच्या ऊसक्षेत्रातही पुढे हेच घडले. पूर्णा खोऱ्यातील माती मुळातच कमी निचऱ्याची असल्याने येथे सिंचन व निचरा यांची योजना एकत्रच करावी लागते. कमी पाणी देणाऱ्या ठिबक व तुषार पद्धती या दृष्टीने इष्ट ठरतात.

## सुधारणा

पृष्ठभागावरील निचरा. सर्वांत कमी खर्चाचा व प्रथम करावयाचा उपाय हाच होय. रुंद वरंबा व सरी पद्धतीने पेरणी केल्यास मुळे वरंब्यावर उंच राहतात व जादा पाणी सरीतून निघून जाते. शेताच्या कडेने चर काढून ते नाल्यास जोडावे लागतात. उतार अत्यल्प असल्याने एकाच शेतकऱ्याने काढलेला चर शेजाऱ्याच्या शेतात पाणी लोटण्याची शक्यता असते. म्हणून हे काम शिवारपातळीवर करणे हिताचे असते.

जिप्सम. जिप्सममधील कॅल्शियम मातीच्या कणांवरील सोडियमची जागा घेतो व सुटा झालेला सोडियम पाण्याबरोबर निघून जातो. मात्रा माती परीक्षणावरून ठरवितात. एक हेक्टर क्षेत्रातील १५ सें.मी. थराचे वजन सुमारे २० लाख किलो धरल्यास, दर किलो मातीतील १ सेंटीमोल सोडियम हटविण्यास सुमारे १.७ टन जिप्सम लागते. मातीची आयन-विनिमय क्षमता ५० सेंटीमोल असून सोडियमचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणावयाचे असल्यास ३.५ सेंटीमोल सोडियम हटवावा लागतो. म्हणजे हेक्टरी सुमारे ६ टन जिप्सम लागेल. खोल थरांसाठी हा हिशेब अनेक पटींनी वाढतो. म्हणून जिप्सम टप्प्याटप्प्याने व वरच्या थरापासून वापरतात. निचऱ्याची सोय नसेल तर हटलेला सोडियम जागीच राहतो व खर्च वाया जातो.

सेंद्रिय पदार्थ. शेणखत, कंपोस्ट आणि ताग किंवा धैंचा यांचे हिरवळीचे खत यांमुळे कणांची बांधणी सुधारते. त्यांच्या कुजण्यातून निघणारा कर्बवायू व आम्ले यांमुळे मातीतील चुनखडीचा काही अंश विरघळतो आणि मातीतच असलेला कॅल्शियम उपयोगात येतो. धैंचा चोपण व चिबड जमीन बऱ्यापैकी सहन करतो.

भूमिगत निचरा. सच्छिद्र नळ्या जमिनीखाली टाकून पाणी काढण्याची पद्धत कृष्णाकाठच्या काही भागांत वापरली गेली आहे. पूर्णा खोऱ्यातील घट्ट थरांतून पाणी नळीपर्यंत पोहोचण्यासच वेळ लागतो. त्यामुळे मातीची रचना आधी सुधारणे व पाणी सोडण्यास खोल नाला उपलब्ध असणे या दोन अटी पूर्ण व्हाव्या लागतात.

शेततळी. निचरा रोखणारा गुणधर्म पाणी साठविताना उपयोगी पडतो. या मातीतील शेततळ्यांतून पाझर कमी होतो. त्यात साठलेले पावसाचे गोडे पाणी खंडाच्या काळात पिकास एक-दोन वेळा देता येते.

या जमिनींवरील संशोधनात अकोला येथील डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ व नागपूर येथील राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्था यांचा वाटा मोठा आहे. २०१८ साली सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातही खारपाणपट्ट्यातील गावांचा समावेश करण्यात आला.

## घाटावरील जमिनींशी तुलना

घाटावरील लोणार तालुक्यातील सुलतानपूर व आसपासच्या पठारी प्रदेशातही काळी जमीन आहे. परंतु तिची स्थिती भिन्न आहे. पठारावर माथ्याकडे उथळ मुरमाड, उतारावर मध्यम आणि नाल्यांच्या काठी खोल काळी माती असा क्रम आढळतो. खाली मुरूम व भेगाळ बेसाल्ट असल्याने आणि भूभागास उतार असल्याने मुरलेले पाणी बहुधा वाट काढते. नाल्याकाठची सखल शेते पावसाळ्यात चिबडली, तरी चर काढून त्यांत लवकर सुधारणा करता येते. पूर्णेच्या मैदानात माती खोल व सपाट असून खालीही गाळच असतो. दोन्हीकडील माती बेसाल्टपासूनच झालेली असूनही निचऱ्याच्या फरकामुळे तिचे गुणधर्म वेगळे झाले आहेत.

बाहेर पडण्यास वाट नसलेले पाणी क्षार कसे साठविते, याचे प्रसिद्ध उदाहरण याच तालुक्यात आहे. लोणार सरोवर हे बेसाल्टमध्ये उल्कापाताने झालेले विवर असून त्यातून एकही प्रवाह बाहेर जात नाही. पाणी केवळ बाष्पीभवनाने कमी होते, क्षार मागे राहतात आणि सरोवराचे पाणी अतिशय अल्कधर्मी झाले आहे. शेतजमिनीतील प्रक्रिया याहून सौम्य व मंद असली तरी तत्त्व एकच आहे.

## इतर देशांतील उदाहरणे

अमेरिकेत मिसिसिपी नदीच्या पूरमैदानात 'शार्की' नावाची गडद, फुगणारी चिकणमाती आहे. तीही नदीपात्रापासून दूरच्या सखल भागात साचलेली असून तिचा निचरा अत्यंत मंद आहे. चर काढून तेथे सोयाबीन घेतात. भातासाठी मात्र पाणी न झिरपणे हाच गुण ठरतो. सुदानमधील गेझिरा प्रदेशातील काळ्या चिकण जमिनीवर १९२५ पासून मोठ्या प्रमाणावर कपाशीसाठी सिंचन केले जाते. पाऊसमान, मातीतील सोडियम व भूजलाची खोली यांनुसार एकाच गटातील जमिनींचे व्यवस्थापन बदलते, हे या उदाहरणांवरून दिसते.

## हेही पाहा

* खारपाणपट्टा
* पूर्णा नदी (तापीची उपनदी)
* काळी मृदा
* लोणार सरोवर
* सुलतानपूर